नवख्या खेळाडूंची वांटणी

कोणत्याहि धंद्यांत शिरणाऱ्या तरुणाला आपला पहिला धनी निवडण्याची मोकळीक असते, असें सामान्यतः समजलें जातें. वकिलीची परीक्षा उतरलेला पदवीधर मुंबईस राहील किंवा नागपुरास जाईल. नवा डॉक्टर आपल्या गांवीं दवाखाना थाटील किंवा परगांवच्या रुग्णालयांत नोकरी धरील. पगार थोडा मिळेल, कदाचित् नोकरी मुळींच मिळणार नाहीं. पण अमक्या शहरांतील अमक्या मालकाखेरीज दुसऱ्या कोणाशीं बोलणें करण्याची तुला मनाई आहे, असें त्याला कोणी सांगत नाहीं. अमेरिकेंत मात्र एक धंदा असा आहे कीं, ज्यांत पाऊल ठेवूं पाहणाऱ्या तरुणाला पहिल्याच दिवशीं हें सांगण्यांत येतें. तो धंदा म्हणजे बेसबॉलचा खेळ. आणि ज्या सभेंत हें ठरतें तिला तेथें ‘ड्राफ्ट’ असें नांव आहे.

सरकारनें तरुणांचीं नांवें काढून त्यांना सैन्यांत ओढावें, त्या सक्तीच्या भरतीलाहि अमेरिकेंत हाच शब्द लावतात. खेळांतील भरती तशी सक्तीची नाहीं. ज्याला खेळावयाचें नसेल त्यानें खुशाल घरीं बसावें. पण खेळावयाचें असेल, तर ज्या क्लबानें त्याचें नांव उच्चारलें त्याच क्लबाकडे त्यानें गेलें पाहिजे, हें तिच्यांतील मर्म आहे. बेसबॉलमध्यें हा नियम १९६५ सालीं आला. तो कां आला, कोणी आणला, त्यापायीं कोणाचें काय गेलें आणि कोणाला काय मिळालें, ही हकीकत खेळाची आवड नसणारांनाहि विचार करावयास लावील अशी आहे.

या नियमाचें मूळ शोधण्यासाठीं बरेंच मागें जावें लागतें. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. त्यांत चेंडू टाकणाराला ‘पिचर’ आणि तो झेलण्यासाठीं फलंदाजाच्या मागें बसणाराला ‘कॅचर’ म्हणतात. १८७६ सालीं ‘नॅशनल लीग’ स्थापन झाली आणि या खेळाच्या धंद्याला पक्कें रूप आलें. क्लबांचे मालक चांगल्या खेळाडूंची पळवापळवी करीत; त्यामुळें पगार चढत, आणि पगार चढले म्हणजे नफा उतरे. तेव्हां १८७९ च्या सप्टेंबरांत बफेलो शहरीं मालकांनीं आपसांत असें ठरविलें कीं, प्रत्येक क्लबानें आपले पांच खेळाडू ‘राखून’ ठेवावे आणि इतरांनीं त्यांना हात लावूं नये. पांचांचे पुढें अकरा झाले, आणि हळूहळू सर्वच खेळाडू या कुंपणाच्या आंत आले. कराराची मुदत एका हंगामाची. पण हंगाम संपला तरी खेळाडू त्याच क्लबाचा. क्लबानें त्याला विकावें, दुसऱ्याशीं बदलावें किंवा काढून टाकावें; त्यानें मात्र आपण होऊन दुसरीकडे जाऊं नये. यालाच ‘राखीव कलम’ असें म्हणत.

या कलमाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठविला तो जॉन माँटगोमेरी वॉर्ड यानें. हा न्यू यॉर्कच्या संघांतील नामांकित खेळाडू असून कायद्याचा पदवीधर होता. बेसबॉलचा खेळाडू म्हणजे क्लबाची जंगम मालमत्ता आहे कीं काय, असा थेट प्रश्न त्यानें १८८७ सालीं एका मासिकांतील लेखांत विचारला. अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन तेव्हां अवघीं बावीस वर्षें झालीं होतीं. त्यामुळें त्या शब्दाची धार वाचकांना समजावून सांगावी लागली नाहीं. १८९० सालीं वॉर्ड आणि त्याचे सोबती यांनीं खेळाडूंची स्वतंत्र लीग काढून पाहिली. ती एका हंगामापलीकडे टिकली नाहीं. पुढें १९२२ सालीं हें प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें, आणि न्यायमूर्ति होम्स यांनीं एकमतानें दिलेल्या निकालांत असें सांगितलें कीं, बेसबॉलचे सामने म्हणजे राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे. सबब मक्तेदारीला आळा घालणारा कायदा त्यांना लागू पडत नाहीं. तेल, पोलाद, आगगाड्या यांच्या धनिकांना जी सवलत मिळाली नाहीं, ती या खेळाच्या मालकांना मिळाली.

कुंपण असें पक्कें झालें; पण त्याला एक दार उघडें राहिलें होतें. पहिल्या करारावर सही करण्यापूर्वीं तरुण खेळाडू कोणाचाच नसे. त्या सहीआधींचे कांहीं दिवस हाच त्याच्या सबंध खेळाच्या आयुष्यांतील मोकळा काळ. क्लबांचे ‘स्काउट’, म्हणजे खेळाडूंची पारख करणारे फिरते नोकर, खेडोपाडीं शाळांच्या मैदानांवर हिंडत. एखादा मुलगा मनांत भरला म्हणजे त्याच्या आईबापांना भेटून बोलणें करीत. कोणा मुलाला घराजवळचें शहर हवें असे, कोणाला नांवाजलेला संघ, तर कोणाला असा संघ कीं, जेथें त्याच्या जागेवर दुसरा मातबर खेळाडू नाहीं. ही निवड त्याची त्यानें करावयाची असे.

ही मोकळीकहि सर्वांसाठीं नव्हती, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. काळ्या वर्णाच्या खेळाडूंना मोठ्या लीगचीं दारें कित्येक दशकें बंद होतीं. जॅकी रॉबिन्सन याच्याशीं ब्रुकलिनच्या डॉजर्स क्लबानें १९४५ सालीं करार केला आणि १९४७ सालीं तो मोठ्या लीगमध्यें उतरला, तेव्हां कोठें तें दार किलकिलें झालें. तो ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघांतून आला, त्या संघाला डॉजर्सकडून एक डॉलरहि मिळाला नाहीं. गोऱ्या मालकांचे परस्परांतील हक्क पवित्र मानले जात. कुंपणाबाहेरच्या संघाचे हक्क हक्कच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या उघड्या दारापाशीं फार गर्दी उसळली. होतकरू मुलाची सही मिळविण्यासाठीं पगाराखेरीज एकरकमी बक्षिशी देण्याची, म्हणजे ‘बोनस’ची, चढाओढ लागली. ज्यांनीं मोठ्या लीगमध्यें एक चेंडूहि टाकला नव्हता, त्यांच्या हातीं जुन्या जाणत्या खेळाडूंच्या वर्षाच्या पगाराहून मोठी रक्कम पडूं लागली. मालकांना हा खर्च परवडेना, पण थांबववेहिना. कारण एकानें हात आखडला कीं दुसरा पुढें सरसावे. तेव्हां त्यांनीं स्वतःलाच बेड्या घालून घेतल्या. १९५२ च्या अखेरीस कडक झालेल्या नियमानें असें ठरलें कीं, ४,००० डॉलरांहून अधिक बक्षिशी घेतलेला मुलगा पहिलीं दोन वर्षें मोठ्याच संघांत ठेवला पाहिजे. त्याला शिकण्यासाठीं धाकट्या लीगमध्यें धाडतां येणार नाहीं. जागा अडकून पडेल या भीतीनें मालक पैसे कमी उधळतील, असा त्यांत हिशेब होता.

झालें तें भलतेंच. सतरा-अठरा वर्षांचीं मुलें मोठ्या संघाच्या बाकावर नुसतीं बसून राहूं लागलीं. जेथें रोज खेळून हात बसावयाचा, तेथें तीं इतरांचा खेळ पाहत बसलीं; आणि वडील खेळाडू, आपल्या एखाद्या सोबत्याची जागा यानें अडविली म्हणून, त्यांच्याशीं धड बोलतहि नसत. सँडी कोफॅक्स यानें १९५४ च्या डिसेंबरांत १४,००० डॉलर घेऊन ब्रुकलिनशीं करार केला; पहिल्या सहा हंगामांत त्याला मिळून ३६ विजय मिळाले. पुढें हाच पिचर त्या काळांतला सर्वश्रेष्ठ ठरला. कोफॅक्स तगला, पण बाकावर बसूनच ज्यांचा खेळ कुजला, अशांचीं नांवें आज कोणाला आठवत नाहींत. अखेर १९५७ नंतर हा नियम गुंडाळून ठेवावा लागला, आणि चढाओढ पुन्हां मोकाट सुटली.

याच सुमारास मालकांची नजर शेजारच्या एका खेळाकडे वळली. अमेरिकन फुटबॉलच्या लीगनें अशीच अडचण तीस वर्षांपूर्वीं सोडविली होती. फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक बर्ट बेल याचा संघ सारखा हरत असे, आणि चांगले पदवीधर खेळाडू श्रीमंत संघांकडे जात. त्यानें अशी सूचना मांडली कीं, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करावी, आणि मागील हंगामांत जो संघ तळाला असेल त्यानें पहिलें नांव उचलावें, त्याच्या वरच्यानें दुसरें, आणि विजेत्यानें सर्वांत शेवटीं. १९३६ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फियांतील एका हॉटेलांत ही पहिली वांटणी झाली. गंमत अशी कीं, जे बेरवँगर या ज्या खेळाडूचें नांव सर्वांत प्रथम उच्चारण्यांत आलें, तो त्या लीगमध्यें एकदांहि खेळला नाहीं. तरी युक्ति मालकांच्या मनांत भरली. दुबळ्याला आधीं पान वाढावयाचें, ही गोष्ट ऐकावयास न्यायाची. आणि एका मुलाशीं एकाच संघानें बोलावयाचें म्हटल्यावर चढाओढहि आपोआप संपते.

बेसबॉलमध्यें हा उपाय लांबला. कारण तेथील धनवान् क्लबांना तो नको होता. सेंट लुईसच्या क्लबांत असतांना ब्रँच रिकी यानें १९२० नंतरच्या दशकांत धाकट्या लीगचे संघच्या संघ आपल्या पंखाखालीं घेऊन तरुणांची जणू शेती सुरू केली होती. पुढें इतरांनींहि तोच कित्ता गिरविला. ज्यांच्यापाशीं अधिक स्काउट, अधिक शेतें आणि अधिक पैसा, त्यांच्याकडे अधिक पीक, असा हा प्रकार होता. १९४७ ते १९६४ या अठरा हंगामांत न्यू यॉर्कच्या यँकी संघानें पंधरा वेळां आपल्या लीगचें अजिंक्यपद पटकाविलें. इतर शहरांतील प्रेक्षक कंटाळले. कारण शर्यतीचा शेवट ठाऊक असेल, तर ती पाहण्यास तिकीट कोण काढणार?

शेवटचा धक्का १९६४ सालीं बसला. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील रिक रायकार्ट नांवाच्या तरुणासाठीं अनेक क्लबांत झुंबड उडाली, आणि लॉस एंजेलिसच्या एंजल्स क्लबानें त्याला सुमारें २,००,००० डॉलरांची बक्षिशी दिली. अशी रक्कम त्यापूर्वीं कोणाहि नवख्याला मिळाली नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मालकांनीं ह्यूस्टन येथील बैठकींत वांटणीचा नियम मान्य केला. जाहीर कारण समतोलाचें सांगण्यांत आलें, आणि तें खोटें नव्हतें. पण रायकार्टचा आंकडा ज्यानें डोळ्यांपुढें ठेवला, त्याला दुसरें कारण शोधण्यास लांब जावें लागत नाहीं.

१९६५ च्या जून महिन्याच्या ८ तारखेस न्यू यॉर्कच्या कमोडोर हॉटेलांत वीस क्लबांचे प्रतिनिधि जमले. मागील हंगामांत कॅन्सस सिटीचा ॲथलेटिक्स संघ १०५ सामने हरून तळाला गेला होता, म्हणून पहिला मान त्याचा. त्यानें ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या रिक मंडे याचें नांव घेतलें. मग दुसरा क्लब, तिसरा, चौथा. असें करीत आठशेंच्या वर तरुणांचीं नांवें वांटलीं गेलीं. त्यांपैकीं एकहि तरुण त्या दालनांत नव्हता. आपण कोणत्या शहराचे झालों, हें त्यांना मागाहून टेलिफोननें किंवा वर्तमानपत्रांतून कळलें.

मंडेला सुमारें १,००,००० डॉलर मिळाले. म्हणजे साऱ्या देशांतून पहिला निवडलेल्या खेळाडूला एका वर्षापूर्वींच्या रायकार्टच्या निम्मीच रक्कम मिळाली. रायकार्टचा आंकडा त्यानंतर एका तपाहून अधिक काळ कोणी गांठला नाहीं. मुलाच्या हातीं आतां एकच शस्त्र उरलें: ‘मी सही करीत नाहीं, शिकावयास जातों, आणि पुन्हां वांटणींत उभा राहतों.’ श्रीमंताचा मुलगा तें शस्त्र उगारूं शकत असे. ज्याच्या घरीं चूल त्या बक्षिशीकडे डोळे लावून बसलेली असे, त्याला तें उचलणेंहि कठीण.

या वांटणींत दैव केवढा खेळ करी, याचें उदाहरण लगेच पुढच्याच वर्षीं घडलें. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांतील टॉम सीव्हर या पिचरचा अटलांटा ब्रेव्हज क्लबाशीं १९६६ सालीं झालेला करार, विद्यापीठाचे सामने आधींच सुरू झाले होते या तांत्रिक कारणानें रद्द ठरला. आणि महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेनेंहि, यानें धंद्याचा करार केला म्हणून, त्याला विद्यापीठाकडून खेळण्यास बंदी केली. दोन्ही दारें बंद झालीं. तेव्हां बेसबॉलचे आयुक्त एकर्ट यांनीं असा तोडगा काढला कीं, ब्रेव्हजच्या एवढी रक्कम देण्यास जे क्लब तयार असतील, त्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्या. तीन क्लब पुढें आले, आणि टोपींतून चिठ्ठी निघाली ती न्यू यॉर्क मेट्स या लीगमधील हंसें झालेल्या संघाची. तीन वर्षांनीं, १९६९ सालीं, सीव्हरनें २५ सामने जिंकून दिले आणि तो संघ जगज्जेता झाला. एका कागदाच्या कपट्यानें एका शहराचें आणि एका माणसाचें नशीब बांधलें गेलें.

ज्या जाणकारांच्या भरंवशावर ही सारी यंत्रणा उभी आहे, त्यांची पारख तरी कितपत खरी ठरते? १९६५ च्या पहिल्याच वांटणींत नोलन रायन याचें नांव बाराव्या फेरींत निघालें. पुढें त्यानें ५,७१४ फलंदाजांना तीन फटके चुकवावयास लावून बाद केलें, आणि तो विक्रम अद्याप अबाधित आहे. १९६६ सालीं मेट्सनें सर्वांत आधीं स्टीव्ह चिलकॉट या कॅचरला निवडलें. दुखापतींमुळें तो मोठ्या लीगपर्यंत पोंचलाच नाहीं. त्याच्या मागोमाग दुसरें नांव निघालें तें रेजी जॅक्सनचें, आणि तो पुढें अमेरिकेचा लाडका फलंदाज झाला. १९८७ सालीं पहिला निवडला गेलेला केन ग्रिफी धाकटा आणि १९८८ सालीं बासष्टाव्या फेरींत, १,३८९ नांवांनंतर, केवळ वडिलांच्या एका स्नेह्याच्या शब्दाखातर घेतलेला माइक पियाझा, हे दोघेहि २०१६ सालीं एकाच समारंभांत बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत दाखल झाले.

पहिलेपणाचा मान कधीं कधीं घातकहि ठरला. ह्यूस्टनच्या एका शाळेंतील डेव्हिड क्लाइड हा डावखुरा पिचर १९७३ सालीं टेक्सस रेंजर्सनें सर्वांत प्रथम निवडला. त्या क्लबाच्या सामन्यांना प्रेक्षक येत नसत. म्हणून शाळा सुटून महिना झाला नाहीं तोंच, जून २७ रोजीं, या अठरा वर्षांच्या मुलाला धाकट्या लीगमध्यें न धाडतां एकदम मोठ्या मैदानावर उभें करण्यांत आलें. पसतीस हजारांहून अधिक लोक लोटले. मुलानें सामना जिंकलाहि. क्लबाची तिजोरी भरली; पण त्याच्या खांद्याचा आणि मनाचा विचार कोणी केला नाहीं. त्याच्या एकंदर कारकीर्दींत विजय भरले अठरा. इतर क्लबांशीं बोलण्याची त्याला मुभा असती, तर शिकविण्यास वेळ देईल असा क्लब त्यानें किंवा त्याच्या वडिलधाऱ्यांनीं निवडला असता काय, हें आतां कोणालाच सांगतां येणार नाहीं.

इकडे वडील खेळाडूंनीं राखीव कलमावर हल्ला चढविला होता. सेंट लुईसचा कृष्णवर्णीय खेळाडू कर्ट फ्लड याला १९६९ सालीं न विचारतां फिलाडेल्फियाच्या क्लबाला देऊन टाकण्यांत आलें. वर्षाला ९०,००० डॉलर मिळविणाऱ्या या माणसानें, आपण विकण्या-विकत घेण्याची वस्तु नव्हे, असें आयुक्तांना कळवून जाण्यास नकार दिला आणि दावा लावला. १९७२ सालीं सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध तीन मतांनीं निकाल त्याच्या विरुद्ध दिला. फ्लडची कारकीर्द संपली. पण रस्ता उघडा झाला. मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखालीं खेळाडूंची युनियन बळावली होती. १९७५ च्या डिसेंबरांत लवाद पीटर साइट्झ यांनीं दोन पिचरांच्या प्रकरणांत असा निवाडा दिला कीं, एका वर्षाचा करार म्हणजे एकाच वर्षाचा करार. जवळजवळ शंभर वर्षांचें कलम कोसळलें. वडील खेळाडूंना कांहीं वर्षांच्या नोकरीनंतर बाजारांत उभें राहण्याचा हक्क मिळाला.

येथें या इतिहासांतील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट घडली. राखीव कलम गेलें, पण नवख्यांची वांटणी राहिली. पूर्वीं तरुणाला पहिल्या सहीच्या वेळीं मोकळीक होती आणि पुढें जन्माचें बंधन होतें. आतां बंधन आरंभीं आलें आणि मोकळीक शेवटीं. वडिलांनीं आपलें स्वातंत्र्य मिळविलें, पण धाकट्यांचें मागितलें नाहीं. याचें कारण साधें आहे. वांटणींत उभा असलेला मुलगा युनियनचा सभासद नसतो. वाटाघाटींच्या वेळीं त्याची खुर्ची रिकामी असते. आणि नवख्यावर वांचलेला पैसा आपल्याकडे वळेल, असें जुन्या सभासदाला वाटल्यास नवल नाहीं. १९९८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें फ्लडच्याच नांवानें कायदा करून मोठ्या लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार दिला. पण त्यांतहि नवख्यांची वांटणी आणि धाकट्या लीग स्पष्ट शब्दांत वगळण्यांत आल्या.

या वांटणीपायीं तरुणाचें किती नुकसान होतें, याचें माप एकदां अगदीं अनपेक्षित रीतीनें मिळालें. १९९६ सालीं निवडलेल्या खेळाडूला ठराविक दिवसांत रीतसर करारपत्र धाडण्याचें कांहीं क्लब विसरले. एका दक्ष वकिलानें ही चूक हेरली, आणि चार तरुण मोकळे ठरले. त्या वर्षीं पहिला निवडलेल्या ख्रिस बेन्सनला सुमारें २० लक्ष डॉलर मिळाले होते. दुसऱ्या क्रमांकाचा ट्रॅव्हिस ली मोकळ्या बाजारांत उभा राहतांच त्याला १ कोटि, आणि मॅट व्हाइट या शाळकरी पिचरला १ कोटि २ लक्ष डॉलर मिळाले. एकाच वर्षाचे, एकाच तोडीचे हे तरुण. किंमतींत मात्र पांच पटींचा फरक. व्हाइट पुढें दुखापतींमुळें मोठ्या लीगपर्यंत पोंचला नाहीं, आणि मालकांना हें सांगावयास एक उदाहरण मिळालें. पण जो धोका व्हाइटच्या बाबतींत एका क्लबानें पत्करला, तोच धोका वांटणींतील शेंकडों मुलें दरवर्षीं स्वतःच्या अंगावर घेत असतात.

मग समतोलाचें काय झालें? यँकी संघाचें साम्राज्य १९६४ नंतर मोडलें आणि १९७६ पर्यंत त्याला लीगचें अजिंक्यपद मिळालें नाहीं, हें खरें. ॲथलेटिक्स संघानें रेजी जॅक्सन, साल बँडो यांसारखे वांटणींत मिळालेले तरुण हाताशीं धरून १९७२ पासून लागोपाठ तीन वर्षें जगज्जेतेपद मिळविलें, हेंहि खरें. तथापि यँकींची उतरण त्यांची मालकी बदलल्यानें आणि जुने खेळाडू थकल्यानेंहि झाली होती. सारें श्रेय एका नियमाला देणें इतिहासाला धरून होणार नाहीं. शिवाय, तळाला जाण्याचें बक्षीस मिळूं लागलें म्हणजे तळाला जाण्याची लाजहि कमी होते. ह्यूस्टनचा क्लब २०११ पासून लागोपाठ तीन हंगाम शंभराहून अधिक सामने हरला, त्याबद्दल तीन वर्षें पहिल्या निवडीचा मान त्याला मिळाला, आणि २०१७ सालीं तो जगज्जेता झाला. पुढें पहिल्या सहा क्रमांकांसाठीं सोडत काढण्याची पद्धति २०२३ च्या वांटणीपासून सुरू करावी लागली, ती याच कारणानें.

वांटणीचें जाळें अमेरिका, कानडा आणि पोर्टो रिको यांवर पसरलें आहे. त्याबाहेरच्या देशांतील मुलांशीं, उदाहरणार्थ डोमिनिकन प्रजासत्ताकांतील सोळा वर्षांच्या पोरांशीं, क्लब थेट करार करतात; त्यांच्यासाठींहि वांटणी असावी, या मालकांच्या मागणीवर २०२२ सालीं एकमत झालें नाहीं. उत्तर प्रदेशांतील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ सालीं पिट्सबर्गच्या क्लबांत गेले, ते याच वाटेनें. अमेरिकन बेसबॉलच्या धंद्यांत करार मिळालेले ते पहिले भारतीय.

ही कल्पना मुंबईलाहि अगदींच परकी राहिलेली नाहीं. त्याच २००८ सालीं क्रिकेटची इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हां मोठ्या खेळाडूंचा मुंबईंत लिलाव झाला; पण नुकताच जगज्जेता ठरलेल्या १९ वर्षांखालील भारतीय संघांतील मुलांना त्या लिलावांत न घालतां ठराविक मोबदल्यावर त्यांची वांटणी करण्यांत आली. दिल्लीनें प्रदीप सांगवान याला घेतलें, आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरच्या वांट्याला गेला. जाणत्यांची पारख येथेंहि तितपतच ठरली.

या सर्व हकीकतीवरून वांटणीची पद्धति निव्वळ अन्यायाची होती असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, पण तें पुरतें खरें नाहीं. खेळाचा धंदा इतर धंद्यांसारखा नाहीं. कापडाच्या गिरणीला शेजारची गिरणी बुडाली तर आनंद होतो. पण खेळांतील क्लबाला समोर उभा राहणारा तोडीचा संघ लागतोच, नाहींतर सामनाच उरत नाहीं. तेव्हां दुबळ्याला हात देण्याची कांहींतरी सोय हवी, यांत शंका नाहीं. प्रश्न इतकाच कीं, त्या समतोलाची किंमत कोणी मोजावी? श्रीमंत क्लबानें आपल्या उत्पन्नांतून ती मोजावी, असाहि एक मार्ग होता, आणि पुढें त्या मार्गानें थोडींफार पावलेंहि पडलीं. पण १९६५ सालीं मालकांना सर्वांत सोपा वाटला तो मार्ग निराळा होता: जो अद्याप कोणाचाच सभासद नव्हता, ज्याला मत नव्हतें, आणि ज्याचें वय सतरा-अठरा वर्षांचें होतें, त्याच्याकडून ती वसूल करणें. समतेचीं सुंदर तत्त्वें पुष्कळदां याच रीतीनें अंमलांत येतात. म्हणून तत्त्व ऐकून मान डोलविण्यापूर्वीं, त्याचें बिल कोणाच्या दारीं जातें, हें सुज्ञांनीं पाहून घ्यावें.